जुन्या मोटारीतला फ्यूज: काचेचा, टॉर्पेडो की ब्लेडचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर कळलाय का ते बघता येईल. अंबाजोगाईला तुमच्या आजोबांची मॉरिस एट आहे, ६ व्होल्टची. दिवे लावून वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालली की फ्यूज जातो. नवा टाकला की दिवे लागतात आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने जातात. एक मेकॅनिक म्हणतो, काचेच्या फ्यूजची भानगडच काढून टाका आणि आजच्या गाड्यांसारखा ब्लेडचा बॉक्स बसवा. दुसऱ्याने जुन्या फियाटचा टॉर्पेडो फ्यूजचा बॉक्स सुचवलाय. या तिन्हींत भरवशाचा कोणता, असं तुम्ही विचारलंय.

यात खरं तर दोन प्रश्न एकात एक अडकलेत. कोणती बनावट चांगली हा एक, आणि तुमचा फ्यूज का जातो हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर न शोधता पहिल्यावर पैसे घातलेत तर नव्या बॉक्समध्येही तेच होण्याची शक्यता आहे. मी जालन्यात चौतीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. त्यातली बरीच वर्षं अँबेसेडर, पद्मिनी आणि जीप यांच्यात गेली. युद्धापूर्वीच्या गाड्या हाताखालून गेल्या त्या मोजक्याच. पण फ्यूजच्या बाबतीत सगळ्यांचं दुखणं बहुतेक एकाच जागी असतं.

आधी शॉर्ट बाजूला काढू. सरळ शॉर्ट असेल तर फ्यूज वीस मिनिटं थांबत नाही, स्विच ओढल्याबरोबर जातो. तुमच्याकडे जळालेले फ्यूज पडले असतील तर त्यातला एक उजेडात धरून बघा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर शॉर्ट झालाय. काच स्वच्छ आणि पट्टी मधोमध तुटली असेल तर लोड जास्त झालाय. आणि पट्टी सबंध आहे, पण एका टोकाच्या टोपीपाशी सुटलीय, टोपीवर तपकिरी डाग पडलाय, ब्रिटिश फ्यूजच्या आत अँपिअर छापलेली कागदाची चिठ्ठी असते ती त्याच टोकाला करपलीय, असं असेल तर करंट जास्त झालेलाच नाही. फ्यूज बाहेरून तापलाय. फ्यूज धरणाऱ्या क्लिपची पकड ढिली, तिथे गंज, त्यामुळे उष्णता; ती टोपीत उतरली आणि आतलं डाग दिलेलं कथील वितळलं. तुम्ही सांगितलेल्या वेळेवरून माझा अंदाज या तिसऱ्या प्रकाराचा आहे. अर्थात फ्यूज बघितल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही.

इथे ६ व्होल्टचा मुद्दा महत्त्वाचा आहे. धरून चला, २४ वॅटचे दोन हेडलाईट, बाजूचे आणि मागचे मिळून १२ वॅट. एकूण ६० वॅट. १२ व्होल्टच्या गाडीत याला ५ अँपिअर लागतील, तुमच्या गाडीत १० लागतात. आता फ्यूजच्या दोन्ही क्लिपांवर गंजामुळे मिळून ०.०४ ओहम अडथळा आला असं समजा. हा इतका थोडा आहे की साध्या मल्टिमीटरला ओहमवर लावून दिसणारही नाही. पण उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. १० अँपिअरला तिथे ४ वॅट उष्णता तयार होते, आणि तीही अंगठ्याच्या नखाएवढ्या पितळी क्लिपांत. १२ व्होल्टच्या गाडीत तोच गंज फक्त १ वॅट देतो. शिवाय तुमच्या गाडीत ०.४ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. बल्बला ६ ऐवजी ५.६ मिळाले की उजेड साधारण एक पंचमांशाने पडतो, कारण व्होल्टेज थोडं घसरलं तरी बल्बचा उजेड त्याच्या कितीतरी पटीने घसरतो. अंबाजोगाईच्या घाटात रात्री दिवे मिणमिणे वाटतात असं तुम्ही लिहिलंय. फ्यूज जाणं आणि दिवे मंद असणं हे मला एकच दुखणं वाटतं.

म्हणून मी कुठल्याही फ्यूजची बनावट तपासतो तेव्हा आतली तार नंतर बघतो. तिची पकड कशी आहे, ते आधी बघतो.

सगळ्यात जुन्या गाड्यांत फ्यूजच नव्हता. फोर्ड मॉडेल टी फ्यूजशिवाय रस्त्यावर धावली. तिच्यानंतरची मॉडेल ए ६ व्होल्टची बॅटरी घेऊन आली, तरीही कारखान्यातून फ्यूज नव्हता. आज त्या गाड्या सांभाळणारे लोक सेल्फच्या स्विचपाशी स्वतः फ्यूज बसवून घेतात. ज्या गाड्यांत फ्यूज आले त्यांत सुरुवातीला उघडी फ्यूज वायर असायची, आपल्याकडे जुन्या घरांत चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये घालतात तशी. तिचा भरवसा सगळा लावणाऱ्याच्या हातावर. स्क्रू जास्त आवळला तर तार तिथेच चेपून बारीक होते, कमी आवळला तर तापते. हवा लागून ती वर्षागणिक झिजते. आणि पुढचा माणूस तिथे जाड तार लावून मोकळा होतो. या प्रकाराचा विचार आज करू नका.

काचेचा फ्यूज आला तेव्हा दोन मोठे फायदे झाले. तार हवेपासून बंद झाली आणि फ्यूज गेला की नाही हे डोळ्यांनी दिसायला लागलं. अमेरिकेत याची दोन घराणी झाली आणि त्यातला फरक मला फार शहाणपणाचा वाटतो. एजीसी प्रकारात सगळे फ्यूज सव्वा इंच लांब, पाव इंच जाड. ५ चा असो की ३० चा, कुठलाही कुठेही बसतो. एसएफई प्रकारात जाडी तीच, पण अँपिअर वाढले की लांबीही वाढते. १४ च्या जागेत ३० चा बसतच नाही. रात्री अकरा वाजता रस्त्याच्या कडेला, हाताला येईल तो फ्यूज कोंबणाऱ्या माणसापासून गाडी वाचवायची हा विचार त्या बनावटीतच केलेला आहे.

ब्रिटिश गाड्यांत, म्हणजे तुमच्या मॉरिसमध्ये आणि पुढे आपल्या अँबेसेडरमध्ये, लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा काचेचा फ्यूज. यात एक खोच आहे, ती न कळल्यामुळे मी किती तरी वायरिंग जळालेली पाहिलीत. लुकासच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, ते तो ज्या करंटला उडतो त्याचं. सतत चालवायचा करंट त्याच्या निम्मा, म्हणजे १७ च्या आसपास. बाजारात मिळणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या फ्यूजवर ३५ असेल तर ते सतत चालवायचं असतं. दोन्हींवर आकडा एकच, पण दुसरा दुप्पट सैल. गाडीतली २ चौरस मिलिमीटरची तार साधारण १७ अँपिअरची आणि १ चौरस मिलिमीटरची ८-९ ची धरतात. तिथे सतत ३५ चालणारा फ्यूज लावला तर आधी तार जळते आणि फ्यूज सबंध राहतो. फ्यूज असतो तारेसाठी. बल्ब किंवा हॉर्न वाचवणं त्याचं काम नाही.

काचेच्या फ्यूजचा दोष म्हणजे त्याची टोपी गोल आणि क्लिप वाकलेल्या पत्र्याची. दोन्ही मिळून एक-दोन रेघांवरच टेकतात. पत्रा एकदा तापून नरम पडला की त्याची स्प्रिंग जाते, मग पक्कडने कितीही दाबा, महिनाभरात पुन्हा ढिला. दुसरी चोरजागा क्लिपच्या मागे असते. लुकासच्या बॉक्समध्ये क्लिप आणि स्क्रूचं टर्मिनल रिव्हेटने जोडलेलं असतं. वरून सगळं चकचकीत दिसतं आणि रिव्हेटच्या खाली हिरवा गंज. तिसरं म्हणजे धक्के. बैलगाडीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत पट्टी टोपीच्या आत सुटते, पण काचेतून सबंध दिसते. बोटाने टिचकी मारली की दिवा लागतो, खड्डा आला की जातो. शंका आली की काचेत बघत बसू नका, मीटर लावा.

आता टॉर्पेडो. चिनी मातीची किंवा प्लास्टिकची बारीक कांडी, दोन्ही टोकं निमुळती, आणि धातूची पट्टी बाहेरून उघडी बसवलेली. रंगाने ओळखायचा: पिवळा ५, पांढरा ८, तांबडा १६, निळा २५. युरोपातल्या गाड्यांत तो वर्षानुवर्षं चालला. आपल्याकडे फियाटबरोबर आला आणि पद्मिनीतही राहिला. रंग चांगले, अदलाबदल सोपी, पण मला याचा भरवसा सगळ्यात कमी वाटतो. निमुळतं टोक क्लिपच्या भोकात टेकतं तेवढीच काय ती गाठ. पट्टी उघडी असल्यामुळे पावसाळ्यात ओल थेट तिच्यावर बसते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पांढरी राख धरते. पद्मिनीचे वायपर बंद पडले म्हणून गाडी यायची. मी बॉक्सचं झाकण काढून फ्यूज बोटाने जागच्या जागी दोन वेढे फिरवायचो, वायपर चालू. राख खरवडली जायची, एवढंच. पुढच्या आठवड्यात तीच गाडी परत. प्लास्टिकच्या कांडीचा प्रकार आणखी वाईट, कारण गरम झाली की ती नरम पडून दबते आणि पकड आणखी ढिली होते. वापरायचाच असेल तर चिनी मातीचा आणि तांब्याच्या पट्टीचा घ्या. पण ६ व्होल्टच्या गाडीत दिव्यांसाठी मुद्दाम टॉर्पेडो बसवणं म्हणजे आहे त्या दुखण्यात भर. त्या दुसऱ्या मेकॅनिकचा सल्ला मी घेणार नाही.

ब्लेडचा फ्यूज १९७६ साली लिटलफ्यूज कंपनीने आणला. यात पकडीचा प्रश्न मुळातून सोडवलाय. चपटी पात, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबणारी स्प्रिंग, टेकायला भरपूर जागा. पात आत घालताना घासत जाते, त्यामुळे गंज आपोआप निघतो. वरच्या बाजूला दोन उघडे ठिपके असतात, फ्यूज न काढता मीटर लावता येतो. चांगल्या फ्यूजचं वागणंही ठरलेलं असतं. १० चा फ्यूज ११ अँपिअरवर किमान १०० तास टिकला पाहिजे. साडेतेराला पाऊण सेकंद ते १० मिनिटांच्या आत कधीही जाईल. २० ला ५ सेकंदांच्या आत गेलाच पाहिजे. यातून दोन गोष्टी कळतात. थोडं ओव्हरलोड फ्यूज कित्येक मिनिटं सहन करतो. आणि फ्यूज निवडताना काठावरचा घ्यायचा नाही; सततचा लोड फ्यूजच्या पाऊणपट ठेवायचा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ ला जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त, म्हणून मी त्यातही थोडी ढील ठेवतो.

मग ब्लेडच लावा म्हणून विषय संपत का नाही? कारण बाजारात पन्नास फ्यूजचा डबा चहाच्या पैशात मिळतो, आणि त्यातले काही दुप्पट करंटला आरामात बसून राहतात. मी नवीन डबा आणला की त्यातला एक फ्यूज बळी देतो. बॅटरी आणि जुने हेडलाईटचे बल्ब समांतर जोडून दुप्पट लोड टाकतो आणि घड्याळ बघतो. ५ सेकंदांत गेला नाही तर डबा परत. होल्डरचंही तसंच. पातळ पत्र्याचा स्वस्त होल्डर काचेच्या जुन्या क्लिपपेक्षा वाईट. शिवाय जिनिंगच्या गाड्यांत मी बघितलंय, उघड्या ब्लेड बॉक्समध्ये सरकी-कापसाचा कचरा आणि काळ्या मातीची धूळ मिळून नमदा बसतो आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. झाकणाला रबर असलेला बॉक्सच घ्यावा.

एक चौथा प्रकारही सांगतो, सर्किट ब्रेकर. आत दोन धातूंची पट्टी; तापली की वाकते आणि जोड सुटतो, थंड झाली की पुन्हा लागतो. अमेरिकी गाड्यांत हेडलाईटसाठी तो वापरला गेला, आणि कारण अगदी खरं आहे: वळणावर दोन्ही दिवे एकदम कायमचे जाण्यापेक्षा लुकलुकलेले परवडले. लुकासवाल्यांनी याच भीतीने वेगळी वाट धरली. अँबेसेडरच्या जुन्या दोन फ्यूजच्या बॉक्समधून हॉर्न, वायपर, ब्रेकलाईट जातात; हेडलाईट आणि इग्निशनला फ्यूजच नाही. दिवे जाऊ नयेत म्हणून तार उघडी सोडली. मला हा सौदा पटत नाही, पण त्यामागचा विचार समजतो.

न पटण्याचं कारण सांगतो. नव्वदच्या दशकात लग्नसराईत एक अँबेसेडर माझ्याकडे आली. वायपरचा फ्यूज उडालेला, माझ्याकडचे ३५ चे संपलेले. मालक म्हणाले, “वऱ्हाड थांबलंय भाऊ, उशीर व्हायलाय, बेगड गुंडाळून द्या की.” मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली. फ्यूज का उडाला हे बघितलं नाही. अंबडच्या अलीकडे डॅशबोर्डखालून धूर निघाला. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातला रबर निखळला होता, हिरवी तार पत्र्यावर घासून उघडी पडली होती, आणि ती तापली तेव्हा तिच्या शेजारच्या सगळ्या तारा एकमेकींना चिकटून गेल्या. आत पाच माणसं होती. ड्रायव्हरने बॅटरीची तार उपटली म्हणून सगळे सुखरूप उतरले. मी तीन दिवस बसून माझ्या खर्चाने ती वायरिंग नवी केली. ते चिकटलेलं वेटोळं अजून दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे, आणि बेगड मागणाऱ्याला मी ते हातात देतो.

आता तुमच्या गाडीचं. दिवे लावा, मल्टिमीटर २ व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. एक टोक फ्यूजकडे येणाऱ्या तारेच्या स्क्रूवर, दुसरं निघणाऱ्या तारेच्या स्क्रूवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर तिथे दुखणं नाही. ०.२ च्या वर असेल तर सापडलं. मग एक टोक क्लिपवर आणि दुसरं टोपीवर, तसंच क्लिप ते स्क्रू, असं करत नेमकी जागा शोधा. क्लिप असेल तर झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करा, कानस लावू नका. पितळ काळंनिळं पडलं असेल तर क्लिप बदला. रिव्हेट असेल तर तो साफ करून त्याला कथलाचा डाग द्या. शेवटी व्हॅसलीनचा बारीक हात. मोजमाप फक्त फ्यूजपाशी थांबवू नका, डिपरचा स्विच आणि हेडलाईटची अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली तार, हेही तसंच तपासा.

एवढ्यावर दुखणं गेलं आणि मूळ रूप ठेवायचं असेल तर काचेचाच ठेवा, लुकास पद्धतीचा आकडा लक्षात ठेवून. रात्रीचा प्रवास वारंवार असेल तर मी असं करीन: कटआउटच्या (डायनॅमो आपोआप बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) डब्यावरचा जुना फ्यूज दिसायला तसाच ठेवायचा, आणि डॅशबोर्डच्या आत झाकणाचा छोटा ब्लेड बॉक्स लपवायचा. डाव्या हेडलाईटला एक १० चा, उजव्याला दुसरा १० चा, बाजूच्या-मागच्या दिव्यांना तिसरा. म्हणजे एक गेला तर दुसरा दिवा राहतो, आणि एका जागी १० अँपिअर न जाता कुठेही ४-५ च्या वर जात नाहीत. तार २ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. फ्यूज नेहमी अर्थ नसलेल्या तारेत. गाडीला प्लस अर्थ आहे की मायनस, याने फ्यूजला फरक पडत नाही.

एक चूक मात्र करू नका, आणि ही चांगले मेकॅनिकही करतात. बॅटरीच्या मेन तारेत, डायनॅमो जिथून बॅटरी चार्ज करतो त्या वाटेत, फ्यूज घालू नका. तिसऱ्या ब्रशचा डायनॅमो, म्हणजे जास्तीच्या एका कार्बन ब्रशने चार्जिंग ठरवणारा जुना प्रकार असेल तर त्याला बॅटरीचा आधार लागतो. चालत्या गाडीत तो फ्यूज उडाला तर व्होल्टेज झपाट्याने चढतं, बल्ब जातात आणि डायनॅमोची फील्ड कॉईलही (आतलं चुंबकाचं वेटोळं) जळू शकते. फ्यूज अँपिअर मीटरच्या पुढे, लोडच्या बाजूला घ्या. फ्यूजच्या मागच्या, बॅटरीकडच्या तारेला नवी स्लीव्ह, पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबर, आणि बॅटरीपाशी हाताने फिरवायचा कटऑफ स्विच.

जळालेला फ्यूज कुठे तुटलाय आणि दोन स्क्रूंमध्ये किती व्होल्ट आले, एवढं कळवा. डायनॅमोला ब्रश दोन आहेत की तीन तेही त्याच्या अंगावरचा झाकणाचा पट्टा सैल करून बघा, म्हणजे बॉक्स नेमका कुठून जोडायचा ते काढून देतो.